हिरव्या डागाची वाट पाहणारा चष्मा

मित्रांनो, चष्मा म्हटले की तुम्हांला आजोबांचे नाक आणि सकाळचे वर्तमानपत्र आठवत असेल. मी तसला नव्हे. मी जुना आहे, माझ्या दांड्यांवरचा मुलामा उडाला आहे, डाव्या काचेवर एक चरा आहे. पण उभ्या आयुष्यात मी एकही ओळ वाचलेली नाही. माझ्या काचांवर पुढे दोन आखूड नळ्या आहेत आणि त्यांत भिंगे बसवलेली आहेत. माझ्यातून पाहिले की तांदळाचा दाणा बोराएवढा दिसतो. तान्ह्या बाळांची ऑपरेशने करणाऱ्या एका डॉक्टरांचा मी चष्मा आहे.

माझा जन्म जपानमधल्या साबाएचा. त्या गावात हिवाळ्यात शेते बर्फाखाली गेली की घराघरांतून चष्म्याच्या चौकटी घासण्याचा आवाज येत असे. मला घडवणारा कारागीर अबोल म्हणून प्रसिद्ध होता. पण डॉक्टर ओनोदेरा माप द्यायला आले तेव्हा त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि तो म्हणाला, "सेन्सेई, असलं नाक म्हणजे आमच्या धंद्याचा आधारस्तंभच!" सेन्सेई म्हणजे गुरुजी; आमच्याकडे डॉक्टरांनाही आदराने असेच म्हणतात.

डॉक्टर इतके मोठ्याने हसले की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. त्या भल्याथोरल्या नाकावर मी पहिल्यांदा बसलो आणि मला वाटले, आपले घर मिळाले. पुढे तीस वर्षे मी तिथेच राहिलो. नाकावर नसलो तर डॉक्टरांच्या अंगरख्याच्या खिशात, मखमली डबीत. डबीचे झाकण सैल होते, त्यामुळे जगात काय चालले आहे ते मला तिथूनही कळे.

सुरुवातीची वर्षे कष्टाची होती आणि दुःखाचीही. तुमच्या पोटात उजव्या बाजूला यकृत असते. ते पित्त नावाचा हिरवट-पिवळा, कडूजहर रस तयार करते. हा रस एका बारीक नळीतून आतड्यात उतरतो, अन्न पचवायला मदत करतो आणि जाता जाता शीला तिचा रंग देतो. पण काही थोड्या बाळांची ही नळी जन्माच्या सुमारास सुकून बुजते. मग पित्त यकृतातच तुंबते, आणि ज्या घरात जन्मले तेच घर जाळू लागते. बाळाला कावीळ होते, शी पांढरी पडते. दैवाची थट्टा अशी की बाळ तरीही दूध पिते, हसते, अंग धरते. त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही. दोन महिन्यांच्या आत असे बाळ आले तर डॉक्टरांना त्याच्यासाठी खूप काही करता येते. त्यानंतर एकेक आठवडा महाग पडतो. यकृत कडक होत जाते.

आणि बाळे उशिराच येत. डॉक्टर पोट उघडत, माझ्यातून पाहत, आणि माझ्यासमोर दगडासारखे टणक, गाठीगाठींचे यकृत येई. अशा दिवशी डॉक्टर बाहेर येऊन मला रुमालाने पुसत राहत. मी स्वच्छ झालो तरी पुसत राहत.

आता मी तुम्हांला कोहारूची गोष्ट सांगतो. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे जे आहे ते त्या पोरीपासून सुरू होते.

दर पंधरवड्याला डॉक्टर किनाऱ्यावरच्या एका बंदराच्या गावी रुग्ण तपासायला जात. तिथल्या छोट्या इस्पितळात डॉक्टर शहरातून आले की हे मुलांचे, ते मोठ्यांचे असला भेद कोणी करत नसे. जे दुखेल ते घेऊन लोक येत. त्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. दार धाडकन उघडले आणि आखूड, रुंद बांध्याची एक म्हातारी अंगठा वर धरून आत आली. अंगठ्यात कॉड मासा पकडायचा गळ रुतलेला होता. तिचे नाव तोमे. मागे तिची सून साकिए होती, आणि साकिएच्या पाठीवर जाड दुलईत बांधलेले एक बाळ.

"सेन्सेई, नववधू होऊन आले तेव्हापासून दोरीला गळ लावतेय," तोमेआजी म्हणाल्या. "आज गळानं मलाच पकडलं. माशांनी सूड उगवला बघा."

"हलू नका, तोमेसान."

"मी कुठं हलतेय? तुमचंच नाक माझ्या अंगठ्यात घुसेल असं वाटतंय."

डॉक्टरांनी मला चढवले होते. गळाचे टोक उलट्या आकड्याचे असते, ओढले तर मांस फाडते. डॉक्टर सावकाश काम करत होते. सासूचा दुसरा हात धरायला साकिए पुढे वाकली, आणि तिच्या खांद्यावरून बाळाने दिव्याकडे टक लावून पाहिले. दवाखान्याचा दिवा पांढराशुभ्र होता. त्या उजेडात बाळाचे डोळे नेमके माझ्या भिंगांसमोर आले.

मित्रांनो, त्या डोळ्यांतला पांढरा भाग मोहरीच्या फुलासारखा पिवळा होता.

डॉक्टरांचा हात थांबला. "बाळ केवढं झालं?"

"सात आठवडे होतील," साकिए म्हणाली. "महिन्याची तपासणी राहिली. बर्फानं रस्ता बंद होता."

"डोळे असे कधीपासून आहेत?"

साकिए गोंधळली. "असे म्हणजे? आमच्या घरात दिवा मंद असतो, सेन्सेई. मला वाटायचं, उजेडच पिवळा आहे."

"अहो, बाळं पिवळीच असतात," तोमेआजी मध्ये पडल्या. "माझा तेत्सुया पहिला हिवाळाभर संत्र्यासारखा होता. आता बघा, बोटीवर दोन माणसांचं जाळं एकटा ओढतो."

"तिच्या शीचा रंग कसा असतो?"

"घ्या! गळ माझ्या अंगठ्यात आहे आणि सेन्सेई चौकशी करतात बाळाच्या ढुंगणाची!"

साकिए मात्र हसली नाही. "फिकी असते," ती हळू आवाजात म्हणाली. "जन्मल्यावर पिवळी होती. मग फिकी फिकी होत गेली. आता पेजेसारखी असते. शूचे डाग मात्र चहासारखे पडतात."

"गुणाची पोर आहे हो," तोमेआजींनी अभिमानाने सांगितले. "शीचा डाग म्हणून पडत नाही लंगोटाला. शेजारीण विचारते, कुठला साबण वापरता?"

डॉक्टरांनी गळ काढला, अंगठ्याला पट्टी बांधली आणि बाळाला टेबलावर घ्यायला सांगितले. लंगोट उघडला. मी पाहिले. भिजवलेल्या चुन्यासारखा रंग होता. डॉक्टरांनी बोटांनी पोट चाचपले. उजव्या बाजूला यकृत असायला हवे त्यापेक्षा मोठे लागत होते, पण अजून दगड झालेले नव्हते. हे मला कसे कळले? डॉक्टरांचा श्वास माझ्या काचेवर आला, तो सुटकेचा होता.

"आपण आत्ता शहरातल्या इस्पितळात जातोय," ते म्हणाले.

"आत्ता? घरी टोपलीभर गळ लावायचे राहिलेत!" तोमेआजी म्हणाल्या.

"मासे एक दिवस जास्त जगतील, तोमेसान. ह्या पोरीला तेवढाही उशीर परवडायचा नाही."

डॉक्टरांच्याच गाडीतून सगळे निघाले. तोमेआजींना कोणी चला म्हटले नव्हते, पण त्या मागच्या सीटवर आधीच जाऊन बसल्या होत्या. घाट लागेपर्यंत त्यांनी गाडीला, बर्फाला आणि शहरी डॉक्टरांना नावे ठेवली.  घाटात मात्र म्हणाल्या, "साकिए, मी त्या लंगोटांचं कौतुक करत होते गं."

"मी पण करत होते, आई," साकिए म्हणाली, आणि दोघी बाळाकडे पाहत राहिल्या. कोहारू सुखाने झोपली होती.

शहरात रक्त तपासले, पोटाची आतली चित्रे काढली. जिथे भरलेले पित्ताशय दिसायला हवे होते तिथे सुकलेली सुरकुती होती. डॉक्टरांनी साकिए आणि तोमेआजींना समोर बसवले. ते कठीण शब्द वापरत नसत.

"तुमच्या गावात नदी समुद्राला मिळते ना? समजा, नदीचं मुख गाळानं पार बुजलं. पाणी मागं तुंबलं. घरं बुडायला लागली. काय कराल?"

"गाळ उपसू," तोमेआजी म्हणाल्या.

"हा गाळ उपसता येत नाही. नदीच सुकून दोरी झालीय. म्हणून आपण ती मेलेली दोरी कापून काढायची. वर यकृताच्या तळाशी, जिथं केसाएवढे झरे अजून जिवंत असतील, तिथवर जायचं. आणि आतड्याचा एक भाग वर नेऊन तिथंच जोडायचा. नदी समुद्रापर्यंत येत नाही, तर समुद्रच नदीपर्यंत न्यायचा."

 "बंदर बांधणाऱ्यांना पण हे सुचलं नसतं," तोमेआजी म्हणाल्या. "लागेल का पाणी?"

"खात्री देत नाही. निम्म्या बाळांना लागतं, निम्म्यांना नाही. ज्यांना लागत नाही त्यांना पुढं दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा बसवावा लागतो. पण ही वेळेत आलीय. ह्या वयात आलेल्यांचं पारडं जड असतं."

साकिएचा नवरा तेत्सुया दूर समुद्रात बोटीवर होता. इस्पितळाच्या फोनवरून बंदराच्या रेडिओ केंद्रामार्फत त्याच्याशी बोलणे जोडून दिले गेले. खरखर मोठी होती, आणि आपले बोलणे संपले की 'ओव्हर' म्हणायचे होते. डॉक्टर शेजारीच उभे होते, मी त्यांच्या खिशात.

"मी येईपर्यंत थांबता येईल का? ओव्हर," तेत्सुयाचा आवाज आला.

"नाही," साकिए म्हणाली. "ओव्हर."

पुन्हा खरखर झाली. मग, "तुला काय वाटतं? ओव्हर."

लग्न झाल्यापासून साकिएला असे कोणी विचारले नसावे. तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "मी तिला त्यांच्या हातात देतेय. तू आलास की तुला गोरी मुलगी दाखवीन. पिवळी नाही. ओव्हर."

"दे," तो म्हणाला, आणि ओव्हर म्हणायचे विसरला.

ऑपरेशनच्या दिवशी बर्फ थांबून लख्ख ऊन पडले होते. परिचारिका कान्नोबाईंनी मला स्वच्छ केले, डॉक्टरांच्या नाकावर बसवले आणि मागून पट्टा आवळला. कोहारूचे पोट माझ्या दृष्टीने एखाद्या मैदानाएवढे होते, पण खरे तर ते तुमच्या तळहाताएवढे.

आधी पित्ताशयातून रंगीत औषध सोडून पाहिले. ते कुठेच गेले नाही. आता शंका उरली नव्हती. डॉक्टर त्या सुकलेल्या दोरीचा माग काढत वर निघाले, यकृताच्या तळाकडे. एका बाजूला यकृताला रक्त नेणाऱ्या शिरा, दुसऱ्या बाजूला तशाच शिरा, आणि मधे ती करडी, कोरडी दोरी. वर जाऊन ती पसरट झाली होती. आता सगळ्यात अवघड क्षण होता. ती कुठवर कापायची? वरवर कापली तर झरे उघडणार नाहीत. खोल कापली तर यकृतालाच जखम होईल. कागदाच्या जाडीचा प्रश्न होता, आणि तो कागद पाहण्याचे काम माझे होते.

"वाफ," डॉक्टर म्हणाले. माझ्या काचा धुरकटल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. कान्नोबाईंनी झटकन पुसले.

"सेन्सेई, श्वास घ्या. तुम्ही केव्हाचा धरून ठेवलाय."

"घेतो, बाई, घेतो."

त्यांनी कापले. दोरी सुटली. खाली थोडे रक्त आले. कापसाने दाबून धरले.  कापूस उचलला, आणि तिथे, फिकट गुलाबी जागेवर, एक थेंब उमटला. खसखशीएवढा. त्याचा रंग सोनेरी-हिरवा होता.

तो थेंब साध्या डोळ्याला दिसत नव्हता. डॉक्टर आणि मी, आम्हा दोघांनाच दिसला. माझ्या भिंगांचे सार्थक झाले असे मला वाटले. पण डॉक्टरांनी हुरळून जायचे नाकारले. आतड्याचा भाग वर आणून ते केसाहून बारीक दोऱ्याने टाके घालत राहिले. शेवटचा टाका पडला तेव्हा कान्नोबाईंनी विचारले, "होईल ना हो?"

"आता ते लंगोट सांगेल," ते म्हणाले.

मग सुरू झाले वाट पाहणे. मित्रांनो, कोणी वाट पाहते सोन्याची, कोणी परीक्षेच्या निकालाची. आमचे सारे इस्पितळ एका शीची वाट पाहत होते. पहिली आली, पांढरी. दुसरी आली, पांढरी. ज्या तोमेआजी स्वच्छ लंगोटांचा तोरा मिरवत होत्या, त्या आता खिडकीपाशी बसून हात जोडत होत्या. "पड रे डागा, एकदा पड. धुऊन धुऊन हात झिजले तरी चालतील."

 साकिए कोहारूच्या टाचेवर अंगठा ठेवून बसलेली असे. डॉक्टर रोज येत, पाहत, "अजून वेळ आहे," म्हणत. जाताना खिशावरून हात फिरवीत. तो हात माझ्या डबीवर थोडा वेळ थांबे.

एका दुपारी डॉक्टर जेवायला बसले होते. पहिला घास तोंडात जातो न जातो तोच बाहेरून पळण्याचा आवाज आला. सपाता आपटत कोणीतरी धावत होते. दार उघडले. साकिए उभी होती. केस सुटलेले, गाल लाल, आणि दोन्ही हातांवर, देवापुढे नैवेद्याचे तबक धरावे तसा, उघडा लंगोट!

"सेन्सेई!" एवढेच ती म्हणाली.

डॉक्टरांनी जेवायच्या काठ्या खाली ठेवल्या आणि खिशातून मला काढून नाकावर चढवले. मी पाहिले. समुद्रातल्या शेवाळासारखा गर्द, चमकदार, निखालस हिरवा डाग!

तोवर पट्टी बांधलेला अंगठा सांभाळत तोमेआजीही येऊन पोचल्या होत्या. "अहो सेन्सेई, त्याला भिंग कशाला हवंय? आंधळ्यालासुद्धा दिसेल!"

डॉक्टर उठले. इतकी वर्षे मी त्यांच्या नाकावर होतो. पण माझ्या आतल्या बाजूला पाणी उतरलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवले. "नदी समुद्राला मिळाली," ते म्हणाले. कान्नोबाई तो लंगोट घेऊन सगळ्या विभागात फिरल्या. स्वयंपाकघरातली माणसेही पाहायला आली. एवढी मिरवणूक कुठल्या लंगोटाच्या नशिबी आली असेल!

सगळे तिथेच संपले असे नाही. कोहारूला ताप आला, पुन्हा इस्पितळात यावे लागले, दुसऱ्यांदाही आला. औषधे बरेच दिवस चालली. पण प्रत्येक वेळी तिचे डोळे आधीपेक्षा पांढरे होते. तेत्सुया बोट धक्क्याला लागताच रबरी बुटांनिशी थेट इस्पितळात आला. मुलीला उचलून खिडकीच्या उजेडात नेले, एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला. मग त्या धिप्पाड माणसाने भिंतीला तोंड करून हुंदके दिले.

"रड रड," तोमेआजी म्हणाल्या. "पण पोरीला नीट धर. फार महागाची आहे."

कोहारूनंतर डॉक्टर बदलले. ऑपरेशनच्या खोलीत बाळाची वाट पाहत बसणे त्यांनी सोडले. रंगाऱ्याच्या दुकानातून पांढऱ्यापासून हिरव्यापर्यंतचे रंग आणून त्यांनी स्वतः पट्ट्या रंगवल्या आणि किनाऱ्यावरच्या गावोगावी, बाळंतिणींच्या घरी, दाईंकडे, दवाखान्यांत फिरू लागले. "हा रंग दिसला तर दूध पाजून लगेच निघा. उद्यावर टाकू नका." काही लोक हसत. कोणी त्यांना 'शीवाले सेन्सेई' म्हणत. त्या नावाने त्यांची छाती फुगे. आणि बाळे लवकर येऊ लागली. माझ्यासमोर आता मऊ, गुलाबी यकृते येत. सोनेरी थेंबही अधिक वेळा दिसे. पुढे तर देशभर प्रत्येक आईला बाळाबरोबर शीच्या रंगांची छापील पट्टी मिळू लागली.

मग माझे दिवस फिरले. दिवा जोडलेले, पिसासारखे हलके नवे चष्मे आले. मी खणात गेलो. पट्टा कडक झाला, भिंगांवर धूळ बसली. कोणी विचारीना. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण एका उन्हाळ्यात डॉक्टरांनी खण उघडला. त्यांनी नोकरी सोडली होती, केस पांढरे झाले होते. मला पुसून त्यांनी खिशात ठेवले आणि आम्ही बंदराच्या गावी गेलो.

तिथे समुद्रदेवाची जत्रा होती. बंदरावर देवाची जड पालखी निघाली होती. ती खांद्यावर घेऊन, ओरडत, नाचवत, घामाने निथळत तरुण मंडळी चालली होती. पुढच्या दांड्याला एक उंच मुलगी होती. सगळ्यांत मोठा आवाज तिचा. रस्त्याच्या कडेला चाकांच्या खुर्चीत एक वृद्ध बाई बसली होती, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची बाही ओढून सांगत होती, "ती पुढची बघा, ती! माझी नात. पोटात समुद्र वळवून आणलाय तिच्या!"

लोक हसून पुढे जात. डॉक्टर मात्र तिथेच उभे राहिले. त्यांनी मला डोळ्यांना लावले. मी तर जवळचे पाहायला घडलेला. माझ्यातून त्यांना नुसते रंग दिसले असतील. पण मला सांगायचे आहे ते हेच की, ते रंग फार सुंदर होते.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. माझी फार मागणी नाही. जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा, एवढे म्हटले तरी पुरे. पण एक गोष्ट मात्र हट्टाने मागतो. तुमच्या घरी, शेजारी, कुठेही नवे बाळ आले आणि दोन आठवडे उलटूनही त्याचे डोळे पिवळे असले, किंवा शी पांढरट, फिकी असली, तर मोठ्यांना सांगा. ते म्हणतील, बाळ चांगले गुबगुबीत आहे, काही होत नाही. तुम्ही ऐकू नका. त्यांना बाळ डॉक्टरांकडे न्यायलाच लावा, त्याच दिवशी. आणि लंगोट उघडला की नाक मुरडू नका. आधी डोळे उघडा.